उतरवणं तुझ्याकडे होतं

दादा,

परवा बाळूकाकांचा फोन आला. दिंडोरीच्या पुढच्या द्राक्षबागेतले आपले बाळूकाका. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. शेततळं वाढवायचंय, एकदा ड्रोनने वरून माप घेऊन जा, असं ते सांगत होते आणि त्यांना मध्येच थांबवावं कसं ते मला कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "दादाला आन बरं का. मागच्यावानी खुर्चीवर बसून निस्तं सांगितलं तरी चालंल. हितं लय वारं हाय."

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज बँकेतल्या माणसासारखा कोरडा आला. पलीकडून विहिरीवरच्या मोटरीचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "मंग आता उतरवनार कोन?"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. मला तसं नव्हतं म्हणायचं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मला मुळीच राग आला नव्हता. तू गेल्यापासून इतकी माणसं भेटली, इतक्यांनी फोन केले, आणि सगळे तुझ्या आजाराबद्दल नाहीतर जाण्याबद्दल बोलले. तुझ्याबद्दल बोलणारे बाळूकाका पहिलेच.

उतरवणं तुझ्याकडे होतं, हे खरंच आहे. कधी बसून ठरवलेलं नव्हतं. तू लग्नांची शूटिंगं करायचास, मी सर्व्हेच्या ऑफिसात होते. लग्नांसाठी तू पहिला ड्रोन आणलास आणि मी तुझ्या मागे लागले की वरातीवर काय फिरवतोस, त्याने जमीन मोजता येते. वर्षभराने मी नोकरी सोडली आणि आपण दोघं बागा, शेततळी, रस्ते मोजत फिरायला लागलो. मी लॅपटॉपवर रेघा आखायचे, त्या रेघांवरून ड्रोन आपला आपण जायचा, फोटो काढायचा. त्यात तुला काही करायचं नसायचं. तू बांधावर बसून गवताच्या काड्या चावायचास. पण परत यायची वेळ झाली की उठून उभा राहायचास, रिमोट हातात घ्यायचास आणि मला मागे सरकायला सांगायचास.

ड्रोनबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक मीच तुला वाचून दाखवलं होतं. रिमोटवर घराचं चित्र असलेलं एक बटण आहे. ते दाबलं की ड्रोन आधी आपण लावून दिलेल्या उंचीवर चढतो, मग जिथून उडाला त्या जागेच्या बरोबर डोक्यावर येतो आणि खाली उतरतो. बॅटरी संपत आली किंवा रिमोटशी संबंध तुटला, तर कुणी बटण न दाबताही हेच करतो. मला ते वाचून इतका आनंद झाला होता. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "म्हणजे गाडीचा बैल. मालक झोपला तरी घरी आणतो."

मी म्हटलं, हो, तसंच.

"बैलाला डोळे असतात," तू म्हणालास.

तिथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत चाललं. मी म्हणायचे, माणसाचा डोळा थकतो, उन्हात दिपतो, लांबचा ड्रोन आपल्याकडे तोंड करून आहे की पाठ हेही कळत नाही. यंत्र थकत नाही. तू म्हणायचास, आपण कुठून निघालो ते त्याला पक्कं ठाऊक असतं, पण निघाल्यानंतर तिथे काय झालं ते त्याला ठाऊक नसतं. मी म्हणायचे, तुला मिरवायचं असतं. तू म्हणायचास, हो, असतं.

बाळूकाकांनी तुला मानलं ते त्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसापासून. बागेच्या कडेला मोकळा तुकडा होता, तिथून आपण उडवला आणि ऊन चढल्यावर बांधाने बरेच पुढे सरकलो. तेवढ्यात छाटणीच्या बाया जेवायला आल्या. बाभळीची सावली तोवर त्याच तुकड्यावर सरकली होती. त्या तिथेच डबे सोडून गोल करून बसल्या. बॅटरीने इशारा दिला आणि ड्रोन स्वतःहून मागे वळला. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून होते. तू वर पाहिलंस, तो कुठे निघालाय ते पाहिलंस, आणि मग त्याच्या खाली काय आहे ते पाहिलंस. परतीचं रद्द केलंस. लांबून हाक मारून त्या बायांना उठवायला वेळ नव्हता. नाला आणि बाग यांच्यामधल्या बांधावर, जिथे एक माणूस जेमतेम चालेल, तिथे तू तो आणलास. एका बाजूला वेलींच्या मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा, दुसऱ्या बाजूला पाणी. मला वाटलं गेला. तो बांधावर असा टेकला की धूळसुद्धा फारशी उडाली नाही. बायांना यातलं काहीच कळलं नाही. त्यातल्या एकीने हात वर करून आपल्याला लोणचं पाहिजे का ते विचारलं.

त्यावर मी दुसऱ्या दिवशी म्हणाले होते की चूक यंत्राची नाही, आपली. जागा सोडून पुढे जाताना घराची खूण नव्या जागी लावायला हवी होती. तू म्हणालास, तेच तर म्हणतोय.

पण माझंही एकदा बरोबर निघालं. धरणाकडच्या टेकडीआड ड्रोन गेला आणि स्क्रीन काळी झाली, आठवतं? तू दोन्ही अंगठ्यांनी रिमोटच्या दांड्या दाबून धरल्या होत्यास आणि काहीच होत नव्हतं. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी उंची टेकडीपेक्षा जास्त लावून ठेवली होती. थोड्या वेळाने तो टेकडीवरून आला, संथ, जणू काही झालंच नाही, आणि आपल्या समोर उतरला. तू तो उचललास, फडक्याने पुसलास. नाशिकपर्यंत गाडीत एक अक्षर बोलला नाहीस. पेठ नाक्यावर सिग्नलला थांबल्यावर म्हणालास, "आज बैल शहाणा निघाला." तुझ्याकडून मला मिळालेली ती सगळ्यात मोठी कबुली.

असं आपलं बरं चाललं होतं. दादा, बरं चाललेलं असताना ते बरं चाललंय हे आपल्याला माहीत होतं, एवढं समाधान मला आहे. गाडीत मागे ड्रोनची पेटी, पुढे आपण दोघं, वहिनीने दिलेल्या पोळ्या खात, एकमेकांची अक्कल काढत. भाऊ-बहीण एका वयानंतर रक्षाबंधनाला आणि भाऊबीजेला भेटतात. मला तू रोज मिळालास.

लासलगावला एका व्यापाऱ्याच्या कांदाचाळी मोजायला गेलो तेव्हा पहिल्यांदा काहीतरी झालं. मोजणी संपली, तू नेहमीसारखा उभा राहून उतरवत होतास. माणसाच्या उंचीपर्यंत आला आणि एका बाजूला सरकायला लागला. तू त्याला परत मध्ये आणायला हवं होतंस. तो सरकतच गेला आणि चाळीच्या पत्र्याला लागला. पाती तुटली, बाकी काही नाही. तू म्हणालास, वाऱ्याने ओढला.

तिथे खाली सगळीकडे कांद्याचे पापुद्रे पडलेले होते. एकही हलत नव्हता. मी पाहिलं आणि तूही पाहिलंस. मग आपण तुटलेली पाती शोधायला लागलो.

त्यानंतर तू आपल्या गाळ्याच्या शटरचं कुलूप डाव्या हाताने उघडायला लागलास. शर्टाची वरची बटणं लावणं सोडून दिलंस. वहिनीने हसून विचारलं की या वयात छाती दाखवायची काय हौस आली. एके दिवशी चहाचा कप उचलताना तुझ्या उजव्या हातावर मला तो खड्डा दिसला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जिथे मांस असतं तिथे खोलगट झालं होतं, आणि त्या कातडीखाली काहीतरी बारीक बारीक उडत होतं. तू आराम करत होतास, हात मांडीवर होता, आणि आतून ते आपलं आपण उडत होतं.

मानेची नस दबली असेल, असं आधी सांगितलं. पट्टा लावून तू कितीतरी दिवस हिंडलास. मग मोठ्या दवाखान्यात सुया टोचून तपासणी झाली आणि डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत जातात, असं ते म्हणाले. औषध आहे, पण ते थांबवणारं नाही. वहिनी किती वर्षं ते विचारायला लागली. तू तिला हाताने थांबवलंस. तुला वेगळंच विचारायचं होतं. "आधी काय जाणार?" तू विचारलंस. हात, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं, मग श्वास, असं त्यांनी सांगितलं, पण क्रम कुणाचा कसा असेल ते सांगता येत नाही म्हणाले. तू विचारलंस, "आणि नजर?" ते म्हणाले, नजर बहुतेकांची शेवटपर्यंत राहते.

खाली पार्किंगमध्ये तू गाडीची किल्ली माझ्या हातात दिलीस. एवढंच केलंस. दोन्ही आरसे मी माझ्या उंचीला लावून घेत होते तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघत होतास. मागे वहिनी तोंडात पदर धरून बसली होती.

तू काम सोडलं नाहीस. डावा अंगठा अजून शाबूत होता. त्याने ड्रोन वर-खाली करता यायचा. पुढे-मागे, बाजूला न्यायचं काम उजव्याचं, आणि वाऱ्याला उत्तर द्यायचं ते उजव्यानेच. तू अंगठ्याऐवजी पहिल्या बोटाने दांडी ढकलायला शिकलास. ते बोटही गेलं तेव्हा हाताची कड लावून पाहिलीस. मी बाजूला उभी असायचे. हात पुढे करायची मला हिंमत व्हायची नाही आणि मागे ठेवायचीही व्हायची नाही.

मग तो दिवस आला. साधीच जागा होती, शाळेचं मैदान, वारा नाही, कुणी माणूस नाही. मोजणी संपली. तू उठून उभा राहिलास, रिमोट घेतलास, आणि बराच वेळ नुसता वर बघत राहिलास. मग डाव्या अंगठ्याने ते घराचं बटण दाबलंस.

आपण दोघं बघत राहिलो. तो चढला, सरळ आला, डोक्यावर थांबला आणि उतरला. उडताना मातीवर उमटलेल्या खुणांच्या शेजारी, वीतभर अंतरावर.

"बघ," तू म्हणालास, "बरोबर आला."

इतकी वर्षं मी जे सांगत होते ते तू मान्य केलंस. त्या दिवशी तो चुकायला हवा होता, दादा. कुठेतरी झाडात जाऊन अडकायला हवा होता. म्हणजे तू मला बोलला असतास.

पुढे सगळं डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या जवळपासच होत गेलं. तू आधी काठीवर आलास, मग खुर्चीवर. जीभ जड झाली. तुझं बोलणं बाहेरच्यांना कळेनासं झालं. मला आणि वहिनीला तेवढं कळायचं. लोक तुझ्याशी मोठ्याने बोलायला लागले, तुला ऐकू येत नसल्यासारखं. तुला त्याचं हसू यायचं, आणि हसू आलं की आवरता यायचं नाही, डोळ्यांतून पाणी यायचं. मग लोकांना वाटायचं तू रडतोयस.

बाळूकाकांकडे आपण शेवटचं गेलो ते अशा दिवसांत. तूच हट्ट धरलास. त्यांना नवी पाइपलाइन टाकायची होती. वहिनी नको म्हणाली, मग तिनेच तुला स्वेटर घातला. बाळूकाकांनी आणि मी तुला गाडीतून उचलून बांधावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. तुझं वजन किती कमी झालंय ते तेव्हा त्यांना कळलं. ते तोंड फिरवून पाणी आणायला गेले.

मी खळ्यावरून उडवला. पाऊस-गारांच्या भीतीने वेलींवर प्लास्टिक ताणलेलं होतं. दुपार कलली तसा वारा सुटला. बॅटरी उतरली, ड्रोन परत वळला, आणि खळ्याच्या कडेच्या ओळीतलं एक प्लास्टिक सुटलं. एका टोकाला बांधलेलं, दुसरं टोक मोकळं, ते खळ्यावर आडवं फडफडायला लागलं, वर चढायचं, खाली आपटायचं. ड्रोन बरोबर त्याच्यात उतरणार होता. खाली त्याच प्लास्टिकचं टोक धरायला बाळूकाका धावले होते.

तू काहीतरी म्हणालास. मला कळलं नाही. पुन्हा म्हणालास. तिसऱ्यांदा कळलं. "रद्द कर."

मी केलं. आणि मग ड्रोन माझ्या हातात होता आणि मला काही सुचत नव्हतं. अशा वाऱ्यात मी कधी उतरवलाच नव्हता. मला वाटलं तू मला सगळं समजावून सांगशील. पण शब्द तुला महाग झाले होते, एका श्वासात एक. "थांब," तू म्हणालास. मग "माझ्याकडे." मी तो बांधाकडे आणला. वारा त्याला नाल्याकडे ढकलत होता, मी उलटं ओढत होते, आणि तो डोलत होता. "भांडू नको," तू म्हणालास. "जाऊ दे थोडा." मी दांडी सैल सोडली. तो सरकला आणि जरा स्थिर झाला. मी स्क्रीनकडे बघत होते. "वर बघ," तू म्हणालास. मग मी वर बघितलं, आणि तू बोलत गेलास, खाली, खाली, थांब, झुळूक जाऊ दे, आता. "आता" म्हणालास आणि मी डावा अंगठा पूर्ण खाली ओढला.

धप्पकन पडला. पण बांधावर पडला आणि सरळ पडला.

बाळूकाका प्लास्टिकचा बोळा छातीशी धरून उभे होते. मी तुझ्याकडे बघितलं. तुला धाप लागली होती. "आदळलास जरा," तू मला मुलगा असल्यासारखं म्हणालास, लहानपणी क्रिकेट खेळताना म्हणायचास तसं. मी तुझ्या खुर्चीशेजारी मातीत बसले. इतक्या वर्षांत आपण दोघांनी मिळून उतरवलेला तो एकच. त्या दुपारसाठी मी कुणाचे आभार मानू, ते मला ठरवता येत नाही. वाऱ्याचे मानावेत तर त्यानेच घात केला होता.

त्यानंतर आपलं एकच भांडण उरलं, आणि ते ड्रोनवरून नव्हतं.

डॉक्टरांनी मला आणि तुला आधीच सांगून ठेवलं होतं. श्वास कमी पडायला लागेल. नाकावरच्या मास्कने काही दिवस निभेल. मग गळ्याला छिद्र पाडून मशीन लावता येतं, ते घरीही चालवता येतं, माणूस पुढे बराच काळ राहू शकतो. आत्ताच ठरवून सांगा, म्हणाले, ऐन वेळी धावपळीत ठरवू नका. तू तिथेच नाही म्हणालास. मला वाटलं, घरी गेल्यावर मी तुझं मन वळवीन.

एके दिवशी वहिनी बालवाडीत शिकवायला गेली होती. मी तुला भात भरवत होते, अगदी पातळ केलेला. मी विचारलं, मशीन आहे, मग का वापरायचं नाही? तू घास गिळून होईपर्यंत थांबलास. तेवढ्याला आता वेळ लागायचा.

"श्वास चालेल," तू म्हणालास. "मग डोळेपण थांबले तर? पुरे, हे सांगणार कसं?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा मला विचारता येणार नाही, वैजू."

मी उठून ताट ठेवायला गेले. तुला वाटलं असेल मला पटलं. मला पटलं नव्हतं. अजून पटलेलं नाही. मी मोरीपाशी उभी राहून उत्तर शोधत होते आणि ते मला सापडलं नाही. आता सापडलंय, रोज सकाळी दात घासताना ते मी तुला देते. मी ओळखलं असतं, दादा. तुझे डोळे थांबले असते तरी तुला पुरे झालंय हे मी ओळखलं असतं. खोटं असेल ते. पण तेव्हा सुचलं असतं तर मी ते छातीठोकपणे बोलले असते, आणि कदाचित तू आणखी दोन उन्हाळे इथे राहिला असतास, खिडकीशी, बाहेरच्या रिक्षांना मनातल्या मनात शिव्या देत.

तुझं बोलणं पूर्ण गेल्यावर आपण अक्षरांचा तक्ता केला. मी ओळीवर बोट फिरवायचे, बरोबर अक्षर आलं की तू डोळे वर करायचास. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. मशीनचं मी तुला पुन्हा विचारलं. खाली. काही दिवसांनी पुन्हा विचारलं. खाली. शेवटी मी म्हटलं, मग मी वहिनीला विचारते, तिचाही हक्क आहे. तू डोळ्यांनी तक्ता मागितलास. कितीतरी वेळ लागला. तू लिहिलंस, "तिला विचारू नको." आणि मी तक्ता खाली ठेवणार तर डोळ्यांनीच अजून थांब म्हणालास. "ती हो म्हणेल."

ती हो म्हणाली असती आणि मग त्या मशीनचा प्रत्येक श्वास तिच्या होकारावर चालला असता. किंवा नाही म्हणाली असती आणि जन्मभर तेच धरून बसली असती. तुला दोन्ही नको होतं. वहिनीला अजून माहीत नाही की असा काही प्रश्न होता. तिला एवढंच माहीत आहे की डॉक्टरांनी उपाय नाही म्हणून सांगितलं. ते तू राखलेलं शेवटचं गुपित मीही राखीन. ती वाचणार नाही अशा जागी हे ठेवते आहे.

तुझ्या दशक्रियेला रामकुंडावर भलती गर्दी होती. बाहेरगावच्या गाड्या, कुणाकुणाचे विधी, भाजीबाजाराकडून येणारे हातगाडे. आयुष्यभर तू या गर्दीला नावं ठेवलीस, दोन गल्ल्या पलीकडे राहून गाडी काढता येत नाही म्हणून. त्या दिवशी लोकांना गाडी काढता येत नव्हती ती आपल्यामुळे. तिथे धाकट्या आत्याचे मिस्टर माझ्याजवळ आले. चांगला माणूस आहे. म्हणाले, एवढे ड्रोन परत आणले त्याने, आज तोच आपल्या घरी परत गेला. त्यांना ते बोललेलं आवडलं, पुन्हा एकदा दुसऱ्या कुणाला सांगितलं.  पण तू कुठेही परत गेला नाहीस. तुझं घर इथे होतं, गल्लीत, जिन्याच्या वर. तू घरातून गेलास.

आता ती सकाळ. तिच्याबद्दल लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

छातीत कफ भरला होता. आदल्या दिवसापासून मास्क पुरत नव्हता. डॉक्टर घरी येऊन गेले, श्वासाचा त्रास कमी वाटावा म्हणून इंजेक्शन दिलं, आणि जिन्यात मला म्हणाले की आता जवळ बसा. वहिनी तुझे पाय मांडीवर घेऊन बसली आणि ती ते चोळत राहिली. खाली बाजार उघडत होता. मी तुझ्या उशाशी होते. तुझे डोळे उघडे होते आणि ते माझ्यावर होते. मी इकडे झाले की इकडे, तिकडे झाले की तिकडे.

लोक विचारतात. मी सगळ्यांना सांगते, शांतपणे गेला. वहिनीही तेच सांगते. तिला तुझे पाय दिसत होते, आणि पाय शांत होते. मी तुझा चेहरा पाहत होते. मी खाली वाकून, वहिनीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तुला विचारलं, "दादा, भीती वाटते का?"

तू डोळे वर केलेस.

घाबरू नको, असं म्हणायचं माझ्या तोंडात आलं होतं. ते मी म्हणाले नाही. तू मला कधी खोटं समाधान दिलं नव्हतंस. मी म्हणाले, "मलापण." तू पुन्हा डोळे वर केलेस. मग मी तुझा उजवा हात उचलला आणि माझ्या दोन्ही हातांत धरला. त्याला कशाचीच पकड राहिलेली नव्हती, तो ओल्या कापडासारखा माझ्या हातात पडून होता. मी डॉक्टरांना जिन्यातच विचारलं होतं, हात धरला तर त्याला कळेल का. ते म्हणाले होते, हलवता येत नाही, पण कळतं सगळं.

तुझ्या श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. मी हात सोडला नाही. शेवटचा श्वास कुठला ते मला त्या वेळी कळलं नाही. मी पुढच्याची वाट बघत बसले होते. वहिनी पाय चोळतच होती.